रेमिजोचा खर्ज

ब्रदर रेमिजो तापाने गेला, तरी जेवणघरात त्याच्या जागेवर रोज ताट वाढलं जात होतं. पो नदीकाठच्या त्या मठाची रीतच होती: गेलेल्याचं पान महिनाभर रोज मांडायचं आणि जेवणं झाली की ते दारातल्या भिकाऱ्याला द्यायचं. शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या ब्रदर लाउरोला त्या ताटातल्या पाव-घेवड्याचा केवढा आधार वाटे! गुड फ्रायडेसाठी त्याने चार आवाजांचं गाणं रचलं होतं, आणि त्यातला खर्ज रेमिजोच्या गळ्यासाठीच लिहिला होता. तो दुसऱ्या कुणाला द्यायला लाउरो तयार नव्हता.

"ताट आहे तोवर रेमिजो आपल्यात आहे," तो तालमीत सांगायचा. "त्याची जागा दुसऱ्याला कशी देऊ?"

मग तिघेच गायचे आणि गाणं लंगडत चालायचं.

महिना सरला. त्या दुपारी रेमिजोच्या जागी काहीच वाढलं नाही.

"आता तरी हट्ट सोड," मठाधिपती म्हणाले. "खर्ज ब्रदर ओनोरातो गाईल."

"ओनोरातो? फादर, तो शिंकला तरी कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात!"

"मग कोंबड्यांना नको बोलावूस. ही आज्ञा समज, लाउरो."

लाउरोने मान खाली घातली. मनातून मात्र ओनोरातोची कधी फजिती होते याची तो वाट बघत राहिला. संन्याशाला हे शोभत नव्हतं, पण होतं ते असं होतं.

गुड फ्रायडेला चौघे एकाच थोरल्या पोथीभोवती दाटीने उभे राहिले. ओनोरातोने तोंड उघडलं. त्याचा आवाज जाडाभरडा होता, पण हलला म्हणून नाही. शेवटच्या उतरणीवर तालमीत रेमिजोचा दम नेहमी कमी पडायचा आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबायचे. आज कुणालाच थांबावं लागलं नाही. आपलं गाणं इतकं भरून आलेलं लाउरोने कधी ऐकलं नव्हतं.

"कसं झालं हो?" ओनोरातोने घाबरत विचारलं.

लाउरोला खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"छान झालं," तो म्हणाला. "रेमिजोपेक्षाही छान झालं."

आणि रेमिजो गेल्यापासून पहिल्यांदाच तो हुंदके देऊन रडला. ओनोरातो मात्र खूश झाला. आपल्या गाण्याने म्हाताऱ्याला रडवलं, असं तो रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगत होता.