पिवळं पडलेलं धान

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात, घराला कुलूप आहे आणि आत कोणीच नाही, असं समजा. एकोणऐंशी साली, सिहोऱ्याजवळच्या एका खेड्यात शेवंताचे दिवस असेच चालले होते. आजारी मायला घेऊन बाबा नागपूरच्या दवाखान्यात गेले होते. शेजारच्या गोदावरीबाईंकडे ती जेवायची, झोपायची. बाकी सारा वेळ एकटीच.

रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावण्याच्या दिवशी गोदावरीबाईंच्या बांधीच्या, त्या धानाच्या शेताच्या, कोपऱ्यात तिने धानाची एक ओळ स्वतः लावली आणि देवाला सांगितलं, "हे हिरवं राहिलं, म्हणजे माय बरी होईन." चार दिवसांत ती ओळ पिवळी पडली. शेवंता रडत रडत एकेक रोप उपटू लागली.

"काहून उपटून राहिली व?" गोदावरीबाई शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून ओरडल्या.

"मरून गेलं ना, मावशी! देव पाहूनच नाही राहिला."

"अवं येडे, साऱ्या शिवाराचं धान पाह्य बरं! रोवलं का आठ दिवस पिवळंच दिसते. चिखलात मुळं धरून राहिले, ते तुले दिसते का?"

"मंग माय येईन?"

गोदावरीबाई चिखलात उतरून तिच्याजवळ आल्या. "ते मले नाही ठाऊक, पोरी. पण देव तिच्यापाशी हाये, अन् तुह्यापाशीबी हाये."

शेवंताने हातातलं रोप उलटं करून पाहिलं. बुडाशी केसाएवढी पांढरी मुळं फुटली होती. तिने नाक पुसलं, खाली वाकली आणि उपटलेली सगळी रोपं एकेक करून पुन्हा चिखलात लावली.