दोन कड्या

आमचा राज्य महामार्ग उणापुरा दहा किलोमीटरचा. हसू नका, कागदावर त्याला तेवढा मान आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. बाजाराच्या चौकात सुरू होतो, वीटभट्टीला वळसा घालतो, दोन ओढे ओलांडतो आणि आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीपाशी एकदम संपतो. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर, पण मधे डांबर नाही, नुसता चिखल.

चाळीस वर्षांपूर्वी हा रस्ता माझ्या वडिलांनी लोखंडी मोजसाखळीने मोजून आखला. ते बांधकाम खात्यात मुकादम होते. आता त्याच खात्यात मोजणीचं काम मी करते. रस्ता गिरणीपाशीच का थांबला, यावर गावाचं मत ठरलेलं होतं: पुढचं डांबर कुणीतरी खाल्लं. बाबा चिडायचे. "दहा मंजूर झाले, दहा केले. पुढचं ते वरचे जाणोत!" आई आजारी पडली तेव्हा दर आठवड्याला तिला बसमधून उतरवून, हाताला धरून चिखलातून न्यायचे आणि वाटभर वरच्यांना शिव्या घालायचे. दवाखान्याची पायरी आली की आई दम खायला तिथेच बसायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी हुकूम आला: दहा किलोमीटरहून कमी भरणारे रस्ते महामार्गाच्या यादीतून बाद. म्हणजे दुरुस्ती बंद, आणि खड्डे वाढले की बसही बंद. मी निर्धास्त होते. मोजणीचं चाक ढकलत गिरणीपाशी पोचले आणि आकडा पाहिला: नऊ किलोमीटर आठशे सदुसष्ट मीटर. चाकालाच शिव्या घातल्या. आणखी दोनदा मोजलं. एकशे तेहतीस मीटर कमी ते कमीच.

"जुनाच आकडा उतरवा की," आमचे साहेब म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

खरं सांगते, मोह झाला. रस्ता वाचला असता, बाबांचं नावही. फॉर्म घरी आणला, पेन उघडलं, पण हात चालेना. भूमितीच्या वहीत एक रेघ जराशी चुकली म्हणून याच बाबांनी मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतं.

"किती भरला?" समोरच्या खुर्चीतून बाबांनी विचारलं.

"दहा."

"मग तोंड का असं पाडलंयस?"

सांगून टाकलं. बाबा भडकले. "माझी साखळी चुकणं शक्य नाही! रोज सकाळी कामाआधी तीस मीटरवर ठोकलेल्या दोन खुंट्यांमध्ये ताणून बघायचो. एक दिवस चुकवला नाही!" तरातरा मागच्या खोलीत गेले, खिळ्यावर टांगलेली साखळी काढून अंगणात पसरली आणि कड्या मोजायला बसले. तीस मीटरच्या साखळीत दीडशे कड्या हव्यात. भरल्या एकशे अठ्ठेचाळीस, म्हणजे दर तीस मीटरला चाळीस सेंटीमीटर कमी. पुन्हा मोजल्या. मग एका सांध्यावर त्यांचं बोट थांबलं.

"कामाच्या आदल्या दिवशी तुटली होती," ते म्हणाले. "लोहाराने घाईत जोडून दिली."

"पण खुंट्यांवर कळायला हवं होतं ना?"

"खुंट्या मी त्यानंतर ठोकल्या." त्यांनी मान वर केली नाही. "हीच साखळी ताणून."

हसावं की रडावं मला कळेना. रोज सकाळी इमानेइतबारे तपासणी, आणि साखळीची साक्ष द्यायला तिच्याच मापाच्या खुंट्या!

"एकशे तेहतीस," बाबा हळूच म्हणाले. "म्हणजे गिरणीपासून कुठवर?"

मला ठाऊक होतं. मी चाक पुढे ढकलत नेऊन पाहिलं होतं. "दवाखान्याच्या पायरीपर्यंत."

त्यांनी साखळी मांडीवर ओढून घेतली. म्हणाले, "शिव्या वरच्यांना घालत होतो गं. चिखल माझा होता."

"राहू द्या बाबा, मी दहाच लिहिते."

"खबरदार!" आवाज थेट जुन्या मुकादमाचा. "लिही. मंजूर दहा, झाले नऊ आठशे सदुसष्ट. काम अपुरं, कारण मुकादमाच्या साखळीत दोन कड्या कमी. माझं नाव घाल. आणि नियम वाच. अपुऱ्या कामाचा रस्ता यादीतून काढता येतो का?"

वाचला. नव्हता येत, आधी मंजूर काम पुरं करावं लागत होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण कागद वर पाठवला.

मंजुरी यायला अकरा महिने लागले. आखणीच्या दिवशी माझ्याकडे नवी टेप होती, तरी बाबा साखळी घेऊनच आले. दोन कड्या घालून घेतलेल्या, आणि या वेळी माझ्या टेपवर ताणून तपासलेली. गिरणीपाशी टोक धरून मी उभी राहिले आणि ते पुढे गेले. चार वेळा साखळी ताणली, पाचव्यांदा तेरा मीटर. पायरी लागली.

"भरले हो दहा!" मी ओरडले.

बाबा पायरीच्या एका कडेला बसले होते, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.