बाकड्यावरचा पेशंट

रहमत मिस्त्रींचा शेवटचा रविवार हसण्यात गेला.

लोहाऱ्याच्या त्यांच्या गॅरेजात लेक सुटीवर आली होती. गझाला लष्करात नर्स. अत्यवस्थ जवानांना विमानातून मोठ्या दवाखान्यात पोचवणाऱ्या पथकातली.

"वर कसं करतं तू? मले दाखव ना, बेटा!" म्हणत मिस्त्री स्वतःच बाकड्यावर आडवे झाले.

"मिस्त्री, तोंडातला तंबाखूचा खर्रा थुका आधी," शेजारचे वामनराव ओरडले. "ऑफिसरबाई तपासून राह्यली!"

"विमानात आवाजच एवढा असते, अब्बा, का स्टेथोस्कोपात काहीच ऐकू येत नाही."

"मंग आवाज कर ना बे, वामन!"

वामनरावांनी दुरुस्तीला आलेला ट्रॅक्टर चालू केला. शेडचे पत्रे थडथडू लागले. चहा घेऊन आलेली गझालाची अम्मी हलीमा दारातच हसत उभी राहिली. गझालाने जुन्या ट्यूबांनी अब्बांना बाकड्याला आवळलं आणि मनगटावर बोटं ठेवली.

दोन ठोके. एक गाळलेला. पुन्हा तसंच.

इंजिनाच्या थरथरीत बोटं फसतात, हे तिला ठाऊक होतं, आणि बाकडं ट्रॅक्टरला टेकलेलं होतं. इंजिन बंद करून पुन्हा बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"पेशंट वाचते का नाही?" अब्बा ओरडले.

तिने अंगठा उंचावला. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी फोन आला, सुटी रद्द झाली. मंगळवारी ती लेहहून निघालेल्या विमानात होती. व्हेंटिलेटरवरच्या जवानाची नाडी तिच्या बोटांखाली चुकली. तिने झटकन मॉनिटर पाहिला. खरंच चुकत होती! तिने डॉक्टरांचा खांदा ठोकला. खुणा, सुई, मग शॉक. ठोके सुरळीत झाले. जवान जिवंत उतरला, आणि धावपट्टीवर तिने नाचायचंच बाकी ठेवलं. अब्बांना सांगायला फोन काढला, तर भावाचे, साजिदचे, अकरा मिस्ड कॉल.

अब्बा गॅरेजातच कोसळले होते. हृदय बंद पडलं होतं.

घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला अम्मी सांगायची, "हे पोरीच्या हाताखाली असते, तं वाचले असते." तीन दिवस गझालाने ते खाली मान घालून ऐकलं. चौथ्या दिवशी तिने अम्मीचा हात धरला.

"होते, अम्मी. रविवारी माझ्याच बोटांखाली होते. नाडी चुकत होती. मले समजलं होतं, अन् मी इंजिन बंद कराले सांगितलं नाही."