गव्हर्नरच्या बंगल्यासमोरचं वळण

१९१९ साली, ग्वाम बेटावर, आगान्या गावात अमेरिकन गव्हर्नरच्या बंगल्यासमोरच्या वळणावर म्हाताऱ्या सिल्वेस्त्रेचा रेडा थांबला तो थांबलाच. गाडीत नीरफणस, सुरण आणि पाय बांधलेलं डुक्कर. बायकोला, रोसालियाला, जाऊन आज वर्ष झालं होतं. संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेनंतर सगळी आळी जेवायला येणार होती, आणि जेवण इथं अडलं होतं.

बारा वर्षं, रेडा या वळणावर आला की रोसालिया शीळ घालायची. मग तो वळायचा. ती गेल्यापासून गाडी आज पहिल्यांदाच इकडे आली होती. आताही तो कान टवकारून तिचीच वाट बघत होता. सिल्वेस्त्रेनं शेपूट पिरगाळलं, शिव्या घातल्या. मग ओठ पुढे केले. पण पुढचे दात कधीच पडलेले. नुसती फू झाली.

बायकोचा भाचा गोरो पोलिसाच्या गणवेशात धावत आला.

"काका! गावात शीळ घातली तर पाच डॉलर दंड! गव्हर्नरसाहेबाचा हुकूम ऐकला नाही का?"

"ही काय शीळ आहे? पेज निववतोय."

"पेज कुठाय?"

"घरी. त्यांच्या अमेरिकेत घालतात का रे शीळ?"

"तिथं खुशाल घालतात."

"मग आपण अमेरिकेत नाही?"

"आपण अमेरिकेचे. अमेरिकेत नाही."

"म्हणजे या रेड्यासारखं. गाडीला आहे, गाडीत नाही."

तेवढ्यात बंगल्यातून एका साहेबाची मोटर निघाली. रेडा आडवा. साहेबानं भोंगा वाजवला. दोन खलाशी ढकलायला आले. रेड्यानं शेण टाकलं, ते नेमकं एकाच्या पांढऱ्या बुटावर.

"हलव याला!" साहेब गोरोवर खेकसला.

गोरोनं इकडे तिकडे बघितलं. लहानपणी मावशी हीच शीळ घालून त्याला जेवायला बोलवायची. त्यानं टोपी काढून काखेत धरली आणि शीळ घातली.

रेडा वळला आणि चालायला लागला.

"दंड!" साहेब ओरडला.

"होय साहेब," म्हणत गोरो गाडीमागून निघाला.

बंगला मागे पडल्यावर गोरो गाडीच्या बरोबरीला आला.

"जमली का, काका?"

"शेवटी बेसूर झाली. ती असती तर कान उपटले असते तुझे."

"रेडा तर चालला!"

"त्याला काय कळतंय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं नाक शिंकरलं. "पुढच्या वळणाला नीट घाल."