सागवानी रिव्हॉल्व्हर

शेरीफ होण्यात बर्नार्ड तुस्कानोचा फायदा काय होता, तो आधी मांडून घेऊ. पत्र्याचा एक पाच टोकांचा तारा. तो छातीला लावून नाचाची पहिली फेरी रिकाम्या गोलात बायकोबरोबर मारायचा मान. आणि पुढच्या वेस्टर्न नाइटपर्यंत, मासळीबाजारात असो की चर्चच्या पायरीवर, भेटेल त्या वसईकराने "काय शेरीफ!" म्हणून मारलेली हाक. बस्स, संपली यादी. एवढ्यासाठी कुणी किती आटापिटा करावा, असं बर्नार्डला विचारलं असतं तर "वेडा असेल तो," असं त्यानेच सांगितलं असतं. पण त्याला कुणी विचारलं नाही.

बर्नार्ड बहारीनमध्ये, सित्राला, एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर नट, बोल्ट, वॉशर, व्हॉल्व्ह यांची आवक-जावक बघायची आणि बसने माहूजला फ्लॅटवर परत यायचं. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. घोड्यावर तो आयुष्यात एकदाच बसला होता, वसईच्या किनाऱ्यावर, आणि त्या घोड्याने जागचं हलायला साफ नकार दिला होता. पण या देहात एक काऊबॉय राहत होता, विनाभाडं. त्यात बर्नार्डचा दोष थोडा आणि आळीचा जास्त. त्यांच्या वसईच्या आळीत लग्नाच्या बँडला अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी वाजवल्याशिवाय जेवण मिळत नसे. प्रत्येक अंकलकडे काऊबॉय हॅट होती. गाय एकाकडेच होती, आणि त्याच्याकडे नेमकी हॅट नव्हती.

बाकीचे हॅटवर थांबले. बर्नार्ड पुढे रिव्हॉल्व्हरपर्यंत गेला. जेवण झालं की तो मोबाइल घेऊन बसे आणि अमेरिकेतले म्हातारे कारागीर गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाने रिव्हॉल्व्हर कसं घडवतात ते बघे. नळी किती आखूड ठेवायची, चक्रीवर वेलबुट्टी कशी कोरायची, मुठीला सांबरशिंग बसवायचं की अक्रोडाचं लाकूड, घोडा मागे ओढताना 'कट्' असा आवाज कितपत यायला हवा. इतक्या भक्तीने त्याने रोझरी केली असती तर कॅरोलिनने त्याची तसबीर लावली असती. एकदा ऍरिझोनातल्या कुणीतरी घोड्याच्या स्प्रिंगबद्दल ऑनलाइन शंका विचारली. बर्नार्डने सित्राच्या गोदामातून, व्हॉल्व्हच्या खोक्यावर बसून, तिचं निरसन केलं. त्या माणसाने "थँक यू, सर" लिहिलं. तो सर बर्नार्ड पुढे आठवडाभर अंगात घालून फिरत होता. खरं रिव्हॉल्व्हर त्याने कधी हातात धरलेलं नव्हतं, हे ऍरिझोनाला कळवायची गरज त्याला वाटली नाही.

वसईकर मंडळाची वेस्टर्न नाइट, म्हणजे काऊबॉयच्या वेशातली मेजवानी, दरवर्षी अमवाज आयलंड्सवर फ्लॉयड लोपीसच्या व्हिलात होई, आणि दरवर्षी टाळ्यांच्या जोरावर फ्लॉयडच शेरीफ होई. हिरवळ त्याची, बार्बेक्यू त्याचा, बूट खुद्द टेक्सासचे. ज्याच्या ताटात जेवायचं त्याच्यासाठी टाळ्या वाजतातच. बर्नार्डला त्याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते फ्लॉयडच्या कमरेला लटकणाऱ्या चंदेरी प्लास्टिकच्या पिस्तुलाचं.

"चक्री फिरत नाही गं त्याची!" तो कॅरोलिनला सांगे. "नुसतं चित्र काढलंय चक्रीचं. आणि तो शेरीफ!"

"मग तू फिरणारी माग अमेरिकेतून," कॅरोलिन म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स होती आणि ड्युटीवरून आल्यावर तिच्या जिभेला धार असे. "कस्टमने पार्सल उघडलं की तुझंच पार्सल करतील. थेट वसई."

ते खरं होतं. म्हणून बर्नार्ड कैलासकडे गेला.

कैलास सावंतवाडीचा. घरी चार पिढ्या लाकडी खेळणी करणाऱ्या, आणि हा इथे बर्नार्डच्याच कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दरवाजांच्या चौकटी करत होता. बर्नार्डने त्याच्यापुढे स्वतः काढलेलं रेखाचित्र पसरलं. कैलासने ते उलटसुलट करून पाहिलं.

"बर्नार्डभाऊ, ह्या सगळा ठीक. पण नळीर केळीची पाना कित्याक?"

"कस्टम-मेड आहे बाबा ते. अमेरिकन माणूस आपल्या गावचे बैल कोरतो. आमच्या गावात केळी आहेत."

"आणि हो मासो?"

"पापलेट. आमच्या मिसेसला आवडतं."

कैलास हसला, पण लाकूड त्याने असं-तसं घेतलं नाही. जुन्या चौकटीचं सागवान निवडलं, आणि आपले सुट्टीचे शुक्रवार त्या रिव्हॉल्व्हरवर घातले. चक्री फिरत होती. घोडा ओढला की 'कट्' वाजत होतं. मुठीला सुकातल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, मोडक्या सुरीचं उंटाचं हाड. लाखेचा काळा-निळा रंग असा चढवला होता की हातभर अंतरावरून ते पोलादच वाटे. पैशाचं नाव काढताच कैलासने हात जोडले. "खेळण्याचे कसले पैसे? किती वर्षांनी हाताक लाकूड लागला माझ्या. नायतर नुसते दरवाजे."

बर्नार्डने आरशासमोर सराव सुरू केला. रिव्हॉल्व्हर बोटावर गरगरवायचं, आणि थांबताना नळीच्या टोकाने हॅटची कड हळूच वर उचलायची. ही शेवटची अदा साधली की त्याला पोट दिसेनासं होई.

वेस्टर्न नाइटच्या दिवशी दुपारपासून धूळ उठली. कॅरोलिन झालरीचा घागरा घालून आरशापुढे केस कुरळे करत होती. बर्फ आणायचं काम बर्नार्डकडे होतं. खाली जाऊन बर्फ घ्यायचा, मग हॉर्न द्यायचा की ती उतरणार, असं ठरलं. आता काऊबॉय आपल्या छोट्या पांढऱ्या मोटारीतून, समोरच्या आरशाला रोझरी लटकवून, कसा जाणार? म्हणून त्याने कैलासची पिकअप मागून घेतली होती. कैलासची म्हणजे कंपनीची. धुळीचा ठसका लागू नये म्हणून त्याने गळ्यातला लाल रुमाल नाकावर ओढून मागे गाठ मारली. काम सोयीचं होतं आणि, आरशात पाहिलं तर, दिसतही झकास होतं.

बहारीनमध्ये कोल्ड स्टोअरच्या दारात कुणी गाडीतून उतरत नाही. कोल्ड स्टोअर म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. बाहेर उभं राहून हॉर्न द्यायचा, दुकानदार धावत खिडकीशी येतो, काय हवं ते विचारतो, आणून देतो. ऊन म्हणून पडलेली सवय, पुढे हक्क झाली. बर्नार्डही इतकी वर्षं झुबेरच्या दुकानासमोर हॉर्नच देत आला होता. झुबेर केरळचा. बर्नार्डची मोटार तो हॉर्नवरून ओळखे, आणि पाव-अंडी न विचारता आणे.

त्या दिवशी हॉर्न पिकअपचा होता. बर्नार्डने काच खाली केली आणि वेळ जायचा म्हणून रिव्हॉल्व्हर बोटावर फिरवत बसला.

झुबेर धुळीत डोळे चोळत खिडकीशी आला. अनोळखी गाडी, तोंडावर रुमाल, हातात काळीभोर नळी. तो आला तसा वळला आणि आत पळाला. 'आज चपळ आहे पोरगा,' बर्नार्डच्या मनात आलं. 'बर्फ न सांगता कळला.'

झुबेर बाहेर आला तो एक खोकं घेऊन. ते त्याने खिडकीतून बर्नार्डच्या मांडीवर लोटलं. आत गल्ल्यातली चिल्लर, नोटा, फोनची कार्डं, सिगारेटची पाकिटं, आणि वर झुबेरचं स्वतःचं घड्याळ.

"साब, बस इतना ही है. सब ले जाओ. मेरेको कुछ मत करो, साब. घर में बच्चा है."

आता काय घडलं ते बर्नार्डला लगेच समजलं. त्याचा हात रुमालाकडे गेलाही. एक झटका, आणि खाली बर्नार्ड अंकलचं गोल, घामेजलेलं, पाव-अंड्यांचं तोंड दिसलं असतं. झुबेरने शिव्या घातल्या असत्या आणि विषय तिथेच मिटला असता.

हात रुमालाशीच थांबला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला खरा मानलं होतं. तेही गयावया करत. गोदामात ड्रायव्हरसुद्धा त्याला "तुस्कानो, जरा सरक" म्हणत. ही चव त्याला घोटभर आणखी हवी होती. हात रुमालावरून निघाला, रिव्हॉल्व्हर एकदा गरगरलं, आणि नळीचं टोक हॅटच्या कडेशी हळूच वर गेलं. आरशात कधी साधली नव्हती इतकी सुरेख साधली ती अदा.

नळी वर जाताना पाहिली आणि झुबेर किंचाळून पळत सुटला. दारातल्या बर्फाच्या पेटीला अडखळला आणि पायरीवर पाय मुडपून पडला. पडतानाचा आवाज बर्नार्डला गाडीत ऐकू आला. 'कट्'.

"झुबेर! अरे मी! मी आहे!" रुमाल ओढत, खोकं सांडत तो बाहेर पडला. झुबेरने त्याच्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि मग रडायला लागला.

माणसं जमली. वरच्या बाल्कनीतून कुणीतरी पहिल्यापासून व्हिडिओ काढत होतं. आरडाओरडा ऐकून सिग्नलवरची पोलिसांची गाडी वळली. आतून एक तरुण अधिकारी उतरला. त्याने आधी झुबेरला पाणी द्यायला लावलं, मग रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, चक्री फिरवली, पापलेट निरखलं.

"ये क्या है?" त्याने हिंदीत विचारलं.

"मासा, सर. माझ्या गावचा," बर्नार्ड म्हणाला. गडबडीत मराठीत.

अधिकाऱ्याला हसू आवरलं नाही, पण ते फार टिकलंही नाही. पिकअप कुणाची, कुठल्या कंपनीची, बर्नार्डचं आयडी कार्ड, सगळं त्याने उतरवून घेतलं. झुबेरला तक्रार करायची आहे का, ते विचारलं. झुबेरने नकारार्थी मान हलवली. "अंकल है. रोज आता है."

"ठीक. लेकिन ये चीज रोड पे मफी, नहीं चलेगा," अधिकारी म्हणाला. "या तो ये स्टेशन जाएगा, साथ में तुम. या इधर खलास."

बर्नार्डने 'इधर' निवडलं. ते रस्त्यावर ठेवून त्याने स्वतः पिकअप चढवली. सागवान चांगलं होतं, पहिल्यांदा नुसतं उसळलं. मागे घेऊन पुन्हा चढवावी लागली. मग नळी एकीकडे, चक्री एकीकडे, आणि केळीची पानं चाकाच्या खाचेत.

हे सगळं कॅरोलिनने घागऱ्यात उभी राहून पाहिलं. ती कधी खाली आली ते बर्नार्डला कळलंही नव्हतं. ती झुबेरपाशी गुडघे टेकून बसली होती आणि त्याच्या घोट्याला फळीच्या तुकड्याचा आधार देऊन झालरीच्या पट्टीने बांधत होती.

"मोटारीची चावी दे. मी नेते याला."

"मी येतो ना."

"काय करशील येऊन? पुन्हा घाबरवशील त्याला." तिने वर पाहिलंही नाही. "जा तू. बर्फ ने. लोक वाट बघतायत."

खरं तर तिच्यामागून जायला हवं, हे न कळण्याइतका बर्नार्ड भोळा नव्हता. पण शेजारच्या दुकानदाराने बर्फ भरून दिला होता, आणि बर्फ वितळतो. माणूस स्वतःला किती थंड सबब देऊ शकतो, याचं त्याला त्याही वेळी कौतुक वाटलं.

अमवाजला त्याच्याआधी व्हिडिओ पोचला होता. तो रिकामं म्यान लटकवत, बर्फाची पोती ओढत हिरवळीवर आला आणि अख्खं वसईकर मंडळ उभं राहिलं.

"आला रे आला दरोडेखोर!"

"बर्नी, माझ्या बँकेत पण ये की एकदा!"

"आणि ती हॅट उचलणं रे! परत दाखव, परत!"

टाळ्या थांबेनात. फ्लॉयडने, खिलाडू माणूस, छातीवरचा तारा काढला आणि स्वतः बर्नार्डला लावला. "आम्ही नुसते कपडे घालतो, बाबा. तू करून आलास." मग हसून विचारलं, "तो दुकानवाला बरा आहे ना?"

"एकदम," बर्नार्ड म्हणाला. "जरा पाय मुरगळलाय."

बँडने पहिल्या नाचाची धून धरली. गोल रिकामा झाला. "शेरीफ! मिसेस शेरीफ!" लोक ओरडले. बर्नार्डने कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"एक्स-रे झाला," कॅरोलिन म्हणाली. "हाड मोडलंय. प्लास्टर घालतायत. त्याच्या घरी मी फोन लावून दिला, त्याची बायको रडतेय. तू नाच."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. शेरीफ गोलात परत आला आणि एकटाच, दोन्ही हात हवेत धरून, पूर्ण फेरी नाचला. लोकांना तोही विनोद वाटला. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला पडल्या.

नंतरचे दिवस बर्नार्डने मनातल्या मनात आपलं नुकसान शोधत काढले. हाती काही लागेना. झुबेर प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून गल्ल्यावर बसू लागला. हॉर्न वाजला की दचके. ओणमची रजा त्याने पुढे ढकलली, कारण मालकाने त्याच्या जागी बदली माणूस द्यायचं नाकारलं. पोलिसांच्या फोननंतर कंपनीने कैलासकडून पिकअप काढून घेतली, आणि तो आता बर्नार्डच्याच बसमध्ये, मागच्या सीटवर बसे. "असांदे, बर्नार्डभाऊ," एवढंच म्हणाला, पण पुन्हा लाकडाचं नाव काढलं नाही. कॅरोलिन ड्युटीवरून आली की आधी झुबेरला सूप देऊन मग घरी चढे. तिचा घागरा झालरीविना खुंटीला तसाच होता. रिव्हॉल्व्हर मोडलं ते तरी आपल्या खात्यात लिहावं, असं बर्नार्डला फार वाटलं. पण त्यातली एक ढलपीही त्याने तासलेली नव्हती.

चर्चच्या पायरीवर मात्र भेटेल तो हाक मारी, "काय शेरीफ!" आणि बर्नार्ड हॅट नसली तरी कपाळाशी बोट नेई.

तर भरणा असा झाला: पाय झुबेरने भरला, शुक्रवार आणि गाडी कैलासने, पहिला नाच कॅरोलिनने. शेरीफकडून कुणी काही मागितलंच नाही.