सरांच्या पोटातला बँड

मी बोलतोय, पण जरा हळू बोलतो हं. सवयच तशी लागली आहे. मी सरांच्या पोटातला बँड. लग्नाच्या वरातीत वाजतो तो नव्हे! मी म्हणजे सिलिकॉनची एक मऊ, गोल पट्टी. जठराच्या वरच्या टोकाला मला गुंडाळून बसवलंय, त्यामुळे वर एक चिमुकली वाटी तयार होते. ती चार घासांतच भरते आणि माणसाला वाटतं, झालं, पोट भरलं. माझ्यापासून एक बारीक नळी निघून पोटाच्या कातडीखालच्या एका बटणाला जोडलेली आहे. डॉक्टर त्या बटणात सुई टोचून मिठाचं पाणी भरतात तेव्हा मी आवळतो आणि काढतात तेव्हा सैल होतो.

एवढंच माझं काम. त्यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. पण ज्याच्या पोटात राहायचं त्यालाच आपली लाज वाटत असेल, तर हळूहळू आपल्यालाही वाटायला लागते.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका मला भिंगाखाली धरून उलटसुलट तपासायच्या. त्यातली एक शेजारणीला म्हणाली होती, ‘‘हा कुणाचं तरी भलं करणार बघ.’’ मी असा काही फुशारलो की विचारू नका! मग मला पाकिटात बंद केलं, आणि पाकीट उघडलं ते थेट सरांच्या ऑपरेशनच्या टेबलाजवळ.

सर शाळेत खेळ शिकवतात. तेव्हा त्यांचं पोट त्यांच्या आधी मैदानावर पोहोचायचं. शिट्टी फुंकली की धाप लागायची, गुडघे बोलायचे, साखर वाढलेली. पोरं पाठीमागे काय काय नावं ठेवायची ते त्यांना ठाऊक होतं. सगळे उपाय करून थकले, तेव्हा डॉक्टरांनी माझं नाव सुचवलं. सरांनी शाळेत कळवलं, कावीळ झालीय. मुलगी बबडी त्या वेळी परगावी होती, तिला तेवढंसुद्धा कळवलं नाही.

‘‘अहो, चोरी केलीय का तुम्ही?’’ बाईसाहेब, म्हणजे सरांची बायको, दवाखान्यातच म्हणाल्या.

‘‘खेळाचा मास्तर आहे मी. पोट आवळून घेतलं म्हटल्यावर लोक तोंडावर हसतील. बबडीला तर मुळीच कळता कामा नये.’’

मी नुकताच आत बसलो होतो. नव्या घरात पाऊल ठेवावं आणि यजमानाने पाहुण्यांसमोर आपल्याला माळ्यावर लपवावं, तसं झालं माझं.

वजन मात्र उतरलं, भराभरा उतरलं. जो तो विचारायचा, ‘‘सर, केलंत तरी काय?’’ सर पट्टा आवळत म्हणायचे, ‘‘काही नाही हो. पहाटे उठून पळायचं. मनावर घेतलं की होतं!’’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, घ्या बापडे श्रेय, माझं काय जातंय! पण हे ऐकून नववीतल्या एका गुबगुबीत मुलीने डबा उघडणं सोडलं आणि मैदानाला फेऱ्या मारता मारता भोवळ येऊन पडली. सरांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, ‘‘सर, माझंच मनावर घेणं कमी पडतंय बहुतेक.’’ सरांनी तिला पाणी पाजून वर्गात पाठवून दिलं. त्या दिवशी मला स्वतःची जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

आता बबडीचं सांगतो. ही सरांची एकुलती एक लेक. समुद्राकाठच्या एका केंद्रात लोकांना पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली न्यायचं, हे तिचं काम. लहानपणी सरांनीच तिला पोहायला शिकवलं होतं. पुढे अंग सुटलं तसे ते पाण्यात उतरेनासे झाले, टॉवेल पांघरून काठावर बसायचे. ती पाण्यातून हाका मारायची, ‘‘या ना बाबा!’’ आणि हे घड्याळ बघायचे. आता बारीक झालेले बाबा बघून तिने फर्मानच काढलं. ‘‘तुम्ही मला पाण्यात ढकललं होतंत ना? आता माझी पाळी.’’

सर इतके खूश झाले की मला पार विसरूनच गेले. पण केंद्रावर गेल्यावर बबडी सगळ्यांना विचारते तसंच तिने त्यांनाही विचारलं, ‘‘काही आजार? दमा? ऑपरेशन झालंय? खरं सांगायचं हं बाबा, पाण्याखाली थापा चालत नाहीत.’’

‘‘छे गं! ठणठणीत आहे मी.’’

तिचे सोबती कौतुकाने बघत होते. ‘‘हेच का ते? नुसत्या जिद्दीने वजन उतरवणारे?’’ एकाने अंडी आणि पाव पुढे केले. सर एरवी चिमणीचा घास घेतात, चावून चावून खातात, उरलेलं रुमालात दडवतात. त्या दिवशी इतक्या नजरांपुढे रुमाल कसा काढणार? दोन उकडलेली अंडी आणि पाव त्यांनी चारचौघांसारखे गपागप गिळले. ते सगळं वाटीत येऊन बसलं, गच्च. मी आवळलेला. सैल हो म्हटलं तर मला होता येतं का हो!

मग सराव-तलावाच्या काठावर बबडीने त्यांना रबरी पोशाख चढवला आणि वरून शिशाचे तुकडे ओवलेला पट्टा कमरेला बांधला. माणूस तरंगू नये म्हणून तो लागतो. त्याचं बक्कल नेमकं माझ्या बटणावर दाबून बसलं. सर कळवळले. ‘‘घट्ट झाला का?’’ तिने विचारलं. ‘‘अजिबात नाही,’’ सर म्हणाले.

आम्ही खाली गेलो. पाण्याच्या दाबाने माझं काही बिघडलं नाही, माझ्यात हवा नाही ना, पाणीच आहे. पण वाटीतलं सगळं उलटून वर यायला निघालं. सरांचे डोळे विस्फारले. ते तोंडातली हवेची नळी ओढून काढायला गेले. ती निघाली असती आणि त्यांनी श्वास ओढला असता, तर फुप्फुसात पाणीच गेलं असतं. बबडीने झडप घालून ती नळी त्यांच्या तोंडावर दाबून धरली. उलटी त्या नळीतूनच बाहेर गेली, घाणेरडी, ढगासारखी पसरत. दुसऱ्या हाताने त्यांना कवटाळून तिने सावकाश वर आणलं.

काठावर सर पालथे पडून खोकत राहिले. बबडीने शिशाचा पट्टा सोडला, पोशाखाची चेन उघडली, पोट चोळायला हात आत घातला, आणि तो हात तिथेच थांबला.

‘‘बाबा, ही गाठ कसली?’’

‘‘तेलाची आहे गं. जुनीच.’’

सरांनी मान वळवून पाहिलं तर पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला. ‘‘म्हणून वजन उतरलं. म्हणून खाल्लेलं राहत नाही.’’ तिने त्यांचा दंड घट्ट धरला. ‘‘कधीपासून आहे, बाबा? आईला माहीत आहे? डॉक्टर काय म्हणाले, किती पसरलंय?’’

पोरीला कॅन्सर वाटला होता. तेलाची गाठ म्हणून अजूनही निभावलं असतं, आणखी दोन थापा मारून. पण समोर लेक हुंदके देत होती.

‘‘तसलं काही नाही गं, बबडे. रडू नकोस. ऑपरेशन करून घेतलंय मी. पोटात बँड बसवलाय, त्याचं बटण आहे ते. पळण्याबिळण्याने काही झालं नाही. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही.’’

एवढ्या वर्षांत सरांच्या तोंडून माझं नाव मी घराबाहेर पहिल्यांदाच ऐकलं.

बबडीने आधी डोळे पुसले, मग पायातला तो बदकाच्या पंजासारखा पोहण्याचा रबरी फावडा काढून तलावात भिरकावला. ‘‘लाज? आणि माझ्या हातात मेला असतात तर? तुमच्या लाजेपायी जन्मभर मी काय तोंड दाखवलं असतं आईला?’’

सरांनी मान खाली घातली. मीही घातली असती, पण मला मान नाही.

नंतर कितीतरी महिने बबडीने त्यांना पाण्याला पाय लावू दिला नाही. ऑपरेशन करणारे डॉक्टर आणि पाणबुड्यांना तपासणारे डॉक्टर, दोघांनीही हो म्हटल्यावरच ती बधली. माझ्यातलं थोडं पाणी काढून मला सैल केलं. बुडी मारण्याआधी घन काही खायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं पातळ तेवढंच घ्यायचं. कमरेला शिशाचा पट्टा नाही, वजन खांद्याच्या पिशव्यांमध्ये, आणि तेही कमी, कारण तरंगवणारी चरबी आता उरली नव्हती. सरांनी पोटावर हात ठेवला की लगेच वर यायचं, का म्हणून विचारायचं नाही.

मग एकदाचे आम्ही समुद्रात उतरलो. खाली वाळूवर गुडघे टेकून बापलेक समोरासमोर बसले. बबडीने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. पाण्याखाली त्याचा अर्थ, सगळं ठीक? सरांनीही गोल करून दाखवला. मग तिने अलगद दोन बोटं पोशाखावरून माझ्या बटणापाशी टेकवली आणि पुन्हा तोच गोल केला. हे मला विचारत होती हो! मला! सरांनी तिच्या बोटांवर आपला हात ठेवला आणि माझ्या वतीने उत्तर दिलं.

आता आम्ही परत शाळेच्या मैदानावर आहोत. ती गुबगुबीत मुलगी आता दहावीत गेलीय. आत्ताच येऊन म्हणाली, ‘‘सर, आजपासून दोन फेऱ्या जास्त मारू?’’ सरांचा हात शर्टावरून माझ्या बटणाकडे गेलाय. सर, सांगा हो. पोरीचा जीव जाईल एखाद दिवशी. हसू दे तिला हसायचं तर. मला चालेल.

सरांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली.

‘‘फेऱ्या राहू देत,’’ ते म्हणाले. ‘‘इथे सावलीत बस जरा. आणि आधी डबा उघड. मी बारीक कसा झालो, ते खरं सांगतो तुला.’’