लिलाववाल्याची दमलेली जीभ

मी जीभ बोलतेय. आणि खरं सांगायचं तर बोलून बोलून अगदी दमलेय.

माझा मालक व्हर्लिन हासे अमेरिकेतल्या नेब्रास्कात गुरांचे लिलाव पुकारायचा. एका दमात इतके आकडे, की नवख्याला ते गाणंच वाटावं. चाळीस वर्षं दर गुरुवारी ही हमाली मी केली.

हनुवटीखालून एक नस माझ्यापर्यंत येते. तिच्या हुकमाशिवाय मी हलत नाही. व्हर्लिन झोपला की ती सुस्तावते, मी मागे घसरते आणि त्याच्याच घशाचं दार अडवते. मुद्दाम नाही हो करत. तो घोरतो, गुदमरतो, दचकून श्वास घेतो, की पुन्हा तेच. डॉक्टरांनी झोपताना लावायला श्वासाचा मुखवटा दिला होता, तो त्याने दोन दिवसांत फेकला. बायको लव्हॉन अकरा वर्षांपूर्वीच उशी घेऊन शेजारच्या खोलीत गेली.

मग मार्चमध्ये आमच्या डार्सीने तिचा पहिला लिलाव पुकारला. लेकीच्या कौतुकाने बाप पहिल्या रांगेत बसला आणि पेंगला. आमच्याकडे मान हलली की बोली लागते. त्याची मान पाचदा डुलली आणि एका डोळ्याने आंधळी म्हातारी गाय आमच्या गळ्यात पडली.

“बाबा, खरंच हवी होती तुला ती?” डार्सीने विचारलं.

“कोण ती?”

सगळे हसले. लव्हॉन हसली नाही. “आज गाय घेऊन आलास. उद्या गाडी चालवताना पेंगलास, तर मला काय आणून देतील?”

ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रिया समजावली, “नसेच्या काही फांद्या जिभेला पुढे ढकलतात, काही मागे ओढतात. पुढे ढकलणाऱ्यांनाच कडं घालायचं. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं, ते झोपेत श्वासागणिक नसेला इशारा देईल.”

“आणि माझा पुकारा?”

“काही दिवस जीभ जड राहील. मग परत येईल, बहुधा.”

तो ‘बहुधा’ व्हर्लिनने तीन आठवडे चघळला. शेवटी लव्हॉन म्हणाली, “तुझा पुकारा सगळ्या गावाने ऐकलाय. मी भिंतीआडून तुझा श्वास ऐकते. तो अडकला की माझाही अडकतो.”

तो तयार झाला. डॉक्टरीणबाईंनी हनुवटीखाली चिरून नसेची एकेक फांदी चाचपली. चुकीची निघाली की मी आत, बरोबर निघाली की बाहेर. महिन्याने यंत्र सुरू झालं. आता तो झोपताना बटण दाबतो आणि मी श्वासागणिक पुढे सरकते. रात्रीची सुट्टी होती, तीही गेली.

पुकारा परत आला, पण आकड्यांत मी अडखळते. दोन गुरुवार लोकांनी सांभाळून घेतलं. तिसऱ्या गुरुवारी व्हर्लिनने हातोडा डार्सीला दिला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

त्याच रात्री लव्हॉन उशी घेऊन परत आली. शांततेने तिला झोप येईना. तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

“चालू आहे ना रे?”

“चालू आहे. झोप तू.”

इतकं सावकाश मी जन्मात बोलले नव्हते.

थकलेय, पण यंत्राची हाक आली की उठते. तुम्हीही आपल्या माणसाचं घोरणं हसण्यावारी नेऊ नका. भिंतीपलीकडे कोणीतरी जागं असतं.